अकरावी सही

सही मागायला दारात उभं राहिलं की आमच्या घोडपदेवच्या चाळीत आधी चहा मिळतो आणि मग नकार. चहा पूर्ण कप, नकार अर्धाच: "बघू, यांना विचारून सांगते." हे ‘यांना’ पुष्कळदा भिंतीवर हार घातलेल्या फोटोत असतात. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते, छापून आणते, वाटते. नकाराचं मला काही वाटत नाही. पण त्या वर्षी डोकं फिरलं होतं. दार लावून घेणारी माणसं खोटं बोलत नव्हती. ती खरंच घाबरलेली होती.

कशाला, ते सांगते. चाळीच्या कमिटीने पाण्याच्या नव्या जोडणीसाठी म्हणून अठ्ठेचाळीस खोल्यांतून सह्या गोळा केल्या. कोऱ्या कागदावर. "मजकूर नंतर टाइप करतो," असं सेक्रेटरी हसतहसत म्हणाला आणि लोकांनी सह्या दिल्या, कारण तो गणपतीत आरतीचं ताट धरतो आणि कुणाच्या मयताला पहिला पोचतो. मजकूर खरंच नंतर टाइप झाला. पाण्याचा त्यात थेंबही नव्हता. चाळ पाडून टॉवर बांधायला आमची सगळ्यांची राजीखुशीची संमती होती! करी रोडला वर मान करून पाहावे लागतात तसल्या टॉवरला. आम्हाला त्यात खोली कुठे मिळणार, किती मोठी मिळणार, तोवर राहायचं कुठे, एका शब्दाने लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने स्वतःच्या नावाने तक्रार केली. महिन्याभरात सेक्रेटरीने त्यांच्या पोटमाळ्याचा कागद उकरून काढला आणि पात्र भाडेकरूंच्या यादीत त्यांच्यापुढे ‘अपात्र’ लागलं. बस. सगळी चाळ गप्प. गिरणगावात असं घर दाखवा ज्याच्या कागदात कुठे भोक नाही. कुणाची पावती फाटलेली, कुणाचा माळा बेकायदा, आणि निम्म्या खोल्या अजून मेलेल्या माणसांच्या नावावर. नाव बदलायला गेलं की मालकाचा माणूस खोडा घालतो, म्हणून कुणी जातच नाही. लाइटबिल आजोबांच्या नावाने येतं, आजोबांचं वर्षश्राद्ध होऊन वीस वर्षं झालेली असतात. पोस्टमन ओरडतो, आणि आपण "हो, इथेच" म्हणून पत्र घेतो.

मी तेव्हा लोअर परळला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचे. एमएस्सीला असताना एक विषय शिकले होते, तो तिथे कधी उपयोगी पडला नाही, पण डोक्यातून गेला नव्हता. गटाची सही. कल्पना साधी आहे. गटातल्या प्रत्येकाकडे स्वतःची गुप्त किल्ली, मोबाइलमध्ये. त्या किल्लीने कागदावर सही केली की आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ तयार होते. गटाची एक उघडी किल्ली असते, ती कुणालाही द्या. ती लावून तपासलं की कळतं, सही ह्याच गटातल्या माणसाची आहे, बाहेरच्याची नाही. कुणाची आहे, ते मात्र कळत नाही. अठ्ठेचाळिसांतला कुणीतरी एक. एवढंच.

मला वाटलं, ही आमच्यासाठीच शोधून ठेवली आहे.

घरी जेवताना बाबांना सांगितलं तर ते हसायला लागले. "एवढं शिकून हेच केलंत होय? हे आम्ही डब्याच्या झाकणावर केलंय."

बाबा गिरणी संपाच्या आधी साचा खात्यात बदली कामगार होते, माग चालवायचे. संप फुटत फुटत संपला, तेव्हा गेटवर छापील माफीपत्र ठेवलेलं असायचं. सही कर आणि आत जा. त्यांच्या खात्यातल्या सतरा जणांनी ठरवलं, कामावर येतो, पण माफी लिहून देत नाही. तसं पत्र लिहिलं. आता पहिली सही करायची कुणी? पहिल्या सहीवाला तो पुढारी, आणि पुढारी म्हटला की बाहेर. मग एकाच्या जेवणाच्या डब्याचं झाकण कागदावर उपडं ठेवलं, भोवती पेन्सिल फिरवली आणि त्या वर्तुळाभोवती सतरा जणांनी सह्या केल्या, सूर्याच्या किरणांसारख्या.

"वरून बघ, खालून बघ, पहिला कोण ते ब्रह्मदेवाला कळायचं नाही," बाबा म्हणाले.

"मग?"

"मग काय. त्यांना पुढारी पाहिजेच होता. झाकणाला एका बाजूला पोचा होता. वर्तुळ तिथे चपटं आलं. गेटवर डबे तपासले. सोळा जण आत, डबेवाला बाहेर. कायमचा."

"पण तोच पुढारी होता?"

"कसला पुढारी. गरीब माणूस. तो फक्त जेवायला बसला होता."

"कोण होता?"

"होता एक," म्हणत बाबा ताट उचलून मोरीकडे गेले. मी पुढे विचारलं नाही. माझ्या डोक्यात आकडे होते. माझ्या सहीत झाकण नाही, पोचा नाही, कुणी पकडून दाखवाच, अशा तोऱ्यात मी होते.

आता माझी पहिली चूक. अशा सह्यांचे दोन प्रकार असतात. एकात नाव कुणालाच, कधीच उघडता येत नाही. दुसऱ्यात एक उघडणारी किल्ली असते, ती गटाच्या एका विश्वासू माणसाकडे राहते. कुणी खोटेपणा केला तर तो ती लावून सही कुणाची ते काढू शकतो. मी दुसरा प्रकार घेतला. का? जिथे तक्रार द्यायची त्या सरकारी कार्यालयाला तोंड दाखवता यावं म्हणून. साहेब म्हणाले असते, ही निनावी पत्रं आम्ही घेत नाही. मग मी ऐटीत म्हणणार होते, निनावी नाही साहेब, जबाबदार आहे. हा ‘जबाबदार’ शब्द मला फार आवडला होता. पत्रकात मी तो जाड टाइपात टाकला. त्याच्याहून जाड टाइपात टाकलं: "सही तुमची, नाव कुणालाच दिसणार नाही." आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात: खोटेपणाचा संशय आल्यास अपवाद. आमच्याकडे पत्रकाचा तळ कुणी वाचत नाही, हे मला माहीत होतं. मीच तर वाटते पत्रकं.

उघडणारी किल्ली कुणाकडे ठेवायची, यावर गॅलरीत दोन मिनिटंही चर्चा झाली नाही. सगळ्यांनी बाबांकडे बोट केलं. बाबा नको नको म्हणाले. लोकांना तो विनय वाटला. मलाही.

दुसरी चूक जास्त मोठी, आणि ती करताना मला ती चूक आहे असं वाटलंसुद्धा नाही. अठ्ठेचाळीस किल्ल्यांना अठ्ठेचाळीस नावं लावायची होती. कार्यालय भाडेपावत्यांच्या यादीशी ताडून बघणार, म्हणून मी नावं पावतीवरून घेतली. जशीच्या तशी. त्यातली कितीतरी माणसं हयात नव्हती. पण आम्हाला त्याचं काय? खोली त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कुणी टोकलं नाही. एकानेही नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत काकी राहतात. एकट्या. लालबागच्या एका मसालेवाल्याकडून मिरच्यांची पोती येतात, त्यांची देठं मोडून देतात. त्यांची बोटं इतकी वर्षं मिरचीत आहेत की मोबाइल त्यांचा ठसा ओळखत नाही. मी पाच वेळा बोट टेकवायला लावलं.

"गो चेडवा, ह्या यंत्राक माझी बोटां पटनत नाय," काकी म्हणाल्या. "तेका सांग, बाई गरीब हा, पण चोर नाय."

शेवटी मी चार आकडे लावून दिले. मजकूर वाचून दाखवला: मी या चाळीची भाडेकरू आहे; पाण्याच्या जोडणीसाठी म्हणून माझी सही कोऱ्या कागदावर घेतली; ती सही म्हणजे टॉवरला माझी संमती नाही. काकींनी सगळं ऐकलं, मिरचीचं एक देठ मोडलं आणि विचारलं, "आणि माझा नाव खंय जातला?"

"कुठेच नाही, काकी."

"बघ हां. माका ह्या खोलीशिवाय काय नाय. पावती अजून तेंच्याच नावार हा." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे मान केली. नवरा जाऊन वर्षं लोटली होती. मूलबाळ नाही, गावच्या घरात दीर. पावतीत नाव चढवायला एकदा गेल्या होत्या, तर मालकाच्या माणसाने त्यांना लग्नाचा पुरावा मागितला. त्या वयाच्या बाईला!

"काकी, मी सांगते ना," मी म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं. आकड्यांची ओळ उमटली तशी खुदकन हसल्या. "ही माझी सही? माझ्या नावापेक्षा लांब झाली गो."

एकोणीस खोल्यांनी सह्या केल्या. कुठल्या, ते मला माहीत नव्हतं. काकींची एवढी एक मी डोळ्यांनी पाहिली, बाकी मोबाइलमधून आपोआप जमा झाल्या, क्रम उलटसुलट होऊन. एका पानावर दोन ओळी, अशी छापून मी फाइल केली. मला त्या फाइलचा इतका अभिमान होता की प्लॅस्टिकचं कव्हर घातलं.

कार्यालयात साहेबांसमोर आम्ही चौघे: मी, बाबा, कमिटीचा सेक्रेटरी, आणि सेक्रेटरीचा वकील. साहेबांनी फाइल उलटी धरली, सुलटी धरली.

"मॅडम, हे काय आहे?"

"सह्या आहेत सर. तपासून दाखवते." मी लॅपटॉप उघडला. एकेक ओळ टाकली, एकोणीस वेळा हिरवी खूण आली.

"बरं. यातला अर्जदार कोण?"

"चाळीतले भाडेकरू. एकोणीस."

"ते कळलं हो. नाव?"

"नाव सांगायचं नाही म्हणूनच तर..."

"मग मी नोटीस कुणाला काढू? ह्या आकड्यांना?"

सेक्रेटरी हसला. "साहेब, पोरगी हुशार आहे. घरी बसून सगळ्या हिनेच केल्या असतील. आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांना फोन उचलता येत नाही, ह्या असल्या सह्या कसल्या करतायत."

मी चिडले. चिडले की मला पुढचं दिसत नाही. पत्रकात ते चालतं. साहेब शांतपणे म्हणाले, "हे बघा, तुमच्याच कागदात लिहिलंय, संशय आला तर नाव उघडता येतं. एक उघडा. फक्त एक. माणूस खरा निघाला तर मी बाकीच्या अठरा घेतो. लेखी देतो पाहिजे तर."

एकाला अठरा. मला तो सौदा चांगला वाटला. खोटं कशाला लिहू, वाटला. माझ्याकडे एकोणीस खरी माणसं होती, भीती कसली? त्या एका माणसाला विचारायला हवं, हे मनात आलं. पण कुणाला विचारणार? कोण ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

साहेबांनी पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ही. अकरा."

बाबा खुर्चीत पुढे सरकलेच नाहीत.

"बाबा, टाका ना पासवर्ड."

"नको गं."

"बाबा, एकच आहे."

"एकच असतो," बाबा म्हणाले. आवाज इतका हलका की साहेबांना ऐकूही गेला नसेल. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. मी. सेक्रेटरीने नाही, साहेबांनी नाही. बाबांनी एका बोटाने पासवर्ड टाइप केला, एकेक अक्षर शोधत. पडद्यावर नाव आलं.

काकींच्या नवऱ्याचं.

सेक्रेटरीने मान लांब करून वाचलं आणि त्याला खरंच आनंद झाला. "साहेब! हा माणूस वारलाय. मी स्वतः खांदा दिलाय त्याला!"

"मयत?" साहेबांनी पेन उचललं. "मग सही कुणी केली?"

मी भडाभडा बोलायला लागले. पावती नावावर आहे सर, खोली त्यांचीच आहे, त्यांची बायको राहते, निम्मी चाळ अशीच आहे. जितकं बोलत होते तितकं काकींना उघडं पाडत होते. साहेबांनी लिहून घेतलं: मयत इसमाच्या नावे बनावट सही, सबब सर्व एकोणीस अग्राह्य. आणि खाली: सदर खोलीत सध्या कोण राहते, चौकशी व्हावी.

"सर, यांच्या संमतीपत्रात पण हेच नाव आहे!" मी कमिटीची फाइल ओढून पान काढलं. होतं. मेलेल्या माणसाची टॉवरला राजीखुशीची संमती, खाली काकींची वाकडी सही. "संमतीला मेलेला माणूस चालतो आणि तक्रारीला चालत नाही?"

"संमतीपत्रांची छाननी हा वेगळा विषय आहे, मॅडम. वेगळा अर्ज करा."

"करते. आत्ता करते!"

"स्वतःच्या नावाने करा," साहेब म्हणाले. त्यात टोमणाही नव्हता.

जिन्यात बाबा कठड्याला धरून उभे राहिले. दम लागला असेल म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"डबा त्याचाच होता," ते म्हणाले.

मला आधी समजलं नाही.

"झाकण. ते झाकण आत्ता नाव निघालं त्याच्याच डब्याचं. पेन्सिल मी फिरवली. पत्र मी लिहिलं. त्याला विचारलं, तर सांगितलं नाही त्याने. मी पण नाही सांगितलं. आत गेलो कामाला." मग म्हणाले, "दोन वर्षांनी गिरणी बंदच पडली. तेवढ्यासाठी."

त्यांनी किल्लीला का नको म्हटलं होतं ते आता कळून उपयोग काय होता?

बातमी आमच्या आधी चाळीत पोचली. सेक्रेटरीने फोन केला असणार. आम्ही जिना चढलो तेव्हा गॅलरीत सगळे उभे होते. बाकीच्या अठरा जणांनी त्याच दिवशी मोबाइलमधून ते सगळं काढून टाकलं. एकीने येऊन मला सांगितलंही, "राग धरू नकोस गं, पोरांच्या खेळात चुकून दाबलं गेलं होतं."

काकींच्या दारात जायचा तीन दिवस मला धीर झाला नाही. पात्र भाडेकरूंच्या नव्या यादीत त्यांच्या खोलीपुढे नाव नव्हतंच. नुसता नंबर, पुढे ‘चौकशीअधीन’. शेवटी त्याच आमच्याकडे आल्या. हातात नोटीस. बाबा आत होते, उठून मोरीकडे जायला लागले.

"बसा हो," काकी म्हणाल्या. "खंय पळतास?"

मी नोटीस वाचून दाखवली. ताबा कोणत्या हक्काने आहे त्याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा.

"रडतंस कित्याक? तू मारलंस तेंका?" मग फोटोतल्या नवऱ्याशी बोलावं तसं स्वतःशीच म्हणाल्या, "मेल्यार पण तेंची पाठ सोडूक नाय."

बाबा दारातच उभे होते. "वहिनी, ते झाकण..."

"माका म्हायती आसा. तेंनी माका तेव्हाच सांगल्यानी, पेन्सिल कोणी फिरवली ती." काकींनी पदराने बोटं पुसली, मिरची लागली असावी. "तुमका तेव्हा लहान पोर होता. जाऊंदे."

जाऊ दे म्हणाल्या, माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. आणि बाबांनीही मागितली नाही. आयुष्यभर ‘माफी लिहून दिली नाही’ म्हणून मान ताठ ठेवणारा माणूस, खाली बघत उभा राहिला.

मी उत्तर लिहायला घेतलं. कायद्याचं, वारसाहक्काचं, जे येत होतं ते. काकी शेजारी बसून कागदाकडे बघत होत्या.

"आता ते गोल नको, आकडे नको," त्या म्हणाल्या. "माझा नाव लिव. सगळ्यात वर."

मी लिहिलं. त्यांनी पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर दाबत सही केली. पुढच्या ओळीला लागली. खाली साक्षीदार म्हणून जागा सोडली होती. मी सही करायला पेन उचललं, तर बाबांनी हात पुढे केला आणि माझ्या आधी त्यांची सही केली.

तो अर्ज मी स्वतः नेऊन दिला. शिक्का मारून पोच मिळाली. कोऱ्या संमतीपत्रांचाही वेगळा अर्ज दिला, माझ्या नावाने. त्याचीही पोच मिळाली. मी दर सोमवारी विचारायला जाते. खिडकीतला माणूस आता मला बघूनच मान हलवतो. गेल्या आठवड्यात आमच्या पहिल्या मजल्याचे नळ तोडले. काकी खालून पाणी आणून वर मिरच्या निवडतात. यादीत त्यांच्या खोलीपुढे अजून ‘चौकशीअधीन’च आहे. मी जिना चढून आले की विचारतात, "काय म्हणता तुझो सायब?" आणि मी म्हणते, "पुढच्या सोमवारी, काकी."